मंगळवारपर्यंत बंद

एमोसी माझ्या ओसरीवर आला की आधी चपला काढतो, त्या जोडीने भिंतीला लावून ठेवतो, मग बसतो आणि डोळे मिटतो. पाच-सात मिनिटं तो तसाच असतो. तोवर मी लिंबाच्या पानांचा चहा उकळत ठेवते. वास आला की तो डोळे उघडतो आणि म्हणतो, "बाई, आज चर्चमध्ये फार लांबलं." फारसं लांबलेलं नसतं. तो दमलेला असतो, इतकंच.

त्याला मी आमच्या बेटावर, वातुसोलोच्या शाळेत शिकवलं. पाचवी आणि सहावी एकाच खोलीत, मिळून चौदा मुलं. दुपारच्या जेवणाची वाटणी मी त्याच्याकडे दिली होती, कारण तो सगळ्यांत सावकाश काम करायचा आणि त्यामुळे सांडत नसे. चौदा वाट्या तो ओळीने मांडायचा, प्रत्येकीत मासा आणि कसाव्याचा कंद घालायचा, वर पान झाकायचा, आणि शेवटची वाटी भरेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याची धाकटी बहीण सेराइआ त्याच खोलीत होती. एकदा ती भुकेने रडायला लागली, तरी त्याने वाटी उघडू दिली नाही. मग जेवताना आपल्यातला निम्मा मासा तिच्या वाटीत सरकवला. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

आता तो चोपन्न वर्षांचा आहे. राजधानीत, सुवात, जिथे आता मीही राहते, एका तंत्रशिक्षण संस्थेत संगणक दुरुस्त करतो. अडकलेला कागद काढणं, तुटलेली तार बदलणं, मुलं विसरलेले पासवर्ड पुन्हा देणं, ही त्याची नोकरी. दुसरं काम त्याला कुणी दिलेलं नाही. ते त्याने सोळा वर्षांपूर्वी स्वतःच अंगावर घेतलं आणि नंतर ते खाली ठेवायला जागाच सापडली नाही.

ते काम असं. पेट्रेल नावाची एक प्रणाली आहे, संगणक चालवणारी. ती विकत घ्यावी लागत नाही. देशोदेशीचे लोक मिळून ती बनवतात आणि ज्याला हवी त्याला देतात. वर्षाला एक-दोन नव्या आवृत्त्या निघतात. मला हे त्याने आमच्याच गावच्या भाषेत समजावलं होतं.

"बाई, समजा गावात एकच टाकी आहे, आणि सकाळी दहाला पाणी सुटणार आहे. सगळे एकदम गेले तर नळ तुटेल. म्हणून काही दिवस आधीच प्रत्येक आळीतल्या एका घरी पिंप भरून ठेवायचं, झाकण लावून. दहा वाजले की सगळ्यांनी एकाच वेळी झाकण काढायचं. मग ज्याने त्याने जवळच्या पिंपातून घ्यायचं. आपल्या आळीचं पिंप माझ्याकडे."

"आणि कुणी आधीच झाकण काढलं तर?"

"त्याच्याकडे पुन्हा कुणी पिंप ठेवत नाही."

या पिंपांना त्यांच्यात मिरर म्हणतात. एमोसीचा मिरर संस्थेच्या तळमजल्यावर, फरशी पुसायची फडकी आणि जुन्या उत्तरपत्रिका यांच्यामध्ये असतो. वरचं थंड हवेचं यंत्र गळतं, म्हणून खाली एक निळी बादली आहे. ती दोन दिवसांत भरते. ती ओतायला दुसरं कुणी नसल्याने सोळा वर्षांत एक वेळ सोडली तर एमोसी दोन दिवसांपेक्षा जास्त रजेवर गेलेला नाही. आईच्या दफनालाही तो पहिल्या विमानाने गेला आणि दुसऱ्याने परतला. तेव्हा शेजारच्या बेटापर्यंत विमान होतं, पुढे होडी; ती विमानफेरी लवकरच बंद झाली.

मी सांगणार आहे ती गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. पेट्रेलची एकोणिसावी आवृत्ती निघायची होती. मंगळवारी सकाळी दहाला झाकण काढायचं ठरलं होतं आणि गुरुवारी दुपारी एमोसीचं पिंप भरलं. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी, सुवातल्याच सामाबुला भागात, आसेनाथाचं पातेलं परत द्यायला गेले होते. आसेनाथा म्हणजे त्याची बायको. ती म्हणाली, बसा बाई, डालोचे कंद उकडतायत. आणि तेवढ्यात दारात सेमी उभा राहिला.

सेमी हा सेराइआचा मुलगा. सेराइआ तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती. सेमी वातुसोलोच्या त्याच शाळेचा मुख्याध्यापक झाला होता, तेविसाव्या वर्षी. मोठ्या आवाजाचा, हसरा, घाईचा. खडूची खोकी आणि तांदळाची पोती न्यायला बोटीने सुवाला आला होता. बोट शनिवारी परत जाणार होती.

त्याने काखेतून यंगोनाच्या मुळांची जुडी काढून चटईवर एमोसीसमोर ठेवली आणि मांडी घालून बसला. ही मुळं कुटून आमच्याकडे पेय करतात, आणि काही मागायचं किंवा माफी मागायची तर ती पुढे ठेवतात; नुसता भेटायला आलेला माणूस एवढी जाड जुडी आणत नाही. आसेनाथाने गॅस बारीक केला.

"मामा, ही आजोबांच्या मळ्यातली," सेमी म्हणाला. "मागायला आलोय."

"काय?"

"एकोणीस."

एमोसीने जुडीकडे पाहिलं. हात मांडीवरच ठेवले. मुळं स्वीकारायची तर पोकळ तळव्यांनी टाळी वाजवायची असते. टाळी वाजली की मागणं मान्य झालं.

"मंगळवारी देतो," एमोसी म्हणाला.

"बोट शनिवारी आहे."

"माहीत आहे."

"तुझ्याकडे आत्ता आहे की नाही?"

"आहे."

"मग दे की."

"नाही देता येत, सेमी. दहाच्या आधी नाही."

"दहाच्या आधी." सेमी माझ्याकडे वळला. "बाई, तुम्हीच सांगा. ऑकलंडच्या एका शाळेने आम्हाला अकरा जुने संगणक दिले. आठ महिने प्लास्टिकमध्ये पडलेत. अठरावी आवृत्ती घातली की पडदा काळा. एकोणिसावीत ते सुधारलंय, हे मामानेच सांगितलं. पुढची बोट पाच आठवड्यांनी. तिच्यात वाटप समितीची माणसं येणार, आणि जे यंत्र बंद दिसेल ते उचलून दुसऱ्या शाळेला देणार. मी मुलांना काय सांगू? मामाकडे होतं, पण घड्याळात दहा वाजले नव्हते?"

स्वयंपाकघरातून आसेनाथा म्हणाली, "हा पंख्याचं बटण दाबायचं तरी वेळ पाहून दाबतो. त्याच्याकडून तू मंगळवारच्या आधी काय काढणार?"

"मामी, लोकांचे भाचे मामाच्या अंगणातलं डुक्कर न विचारता सोडून नेतात. मामा वर दोर देतो. मी डिस्कची एक डबी मागतोय हाताएवढी. आणि मामा, नक्कल केली तर तुझं काही कमी होणार आहे का? तुझ्याकडे आहे तसंच राहणार."

"म्हणूनच देता येत नाही," एमोसी म्हणाला. "डुक्कर नेलं की ते एका घरी जातं."

सेमी हसला नाही. भाच्याला नाही म्हणणारा मामा मी आमच्या बेटावर पाहिला नव्हता, आणि सेमीनेही नसेल. जुडी चटईवर पडून राहिली. डालो शिजल्याचा वास आला, तरी कुणी ताट मांडलं नाही. मला आठवतं, एमोसी दोन्ही हातांनी चेहरा चोळत होता, झोपेतून उठलेला माणूस चोळतो तसा.

"बोटीवर तुझ्याबरोबर संगणक असणार आहे का?" त्याने शेवटी विचारलं.

"नाही. का?"

"माझ्या खोलीत ते बंद असतं आणि वेळ झाली की उघडतं. तुझ्या डबीतही बंद असू दे. मी कुलूप घालून देतो. कुलूप शब्दांचं आहे, ते शब्द टाइप केल्याशिवाय उघडणार नाही. मंगळवारी दहाला झाकण निघालं की साडेदहाला रेडिओवर शब्द सांगतो."

"म्हणजे देतोयस."

"बंद देतोय. त्यालाही आधी आवृत्ती काढणाऱ्यांना विचारावं लागेल."

आणि त्याने तीनदा टाळी वाजवली. आसेनाथाने लगेच ताटं घेतली. मलाही सुटल्यासारखं झालं.

शुक्रवारी त्याने प्रागमधल्या एका बाईंना पत्र लिहिलं. नव्या आवृत्त्या बाहेर काढायचं काम त्या पाहायच्या. सोळा वर्षांत दोघांनी एकमेकांचा चेहरा पाहिलेला नाही. उत्तर एका ओळीचं आलं, बंद राहणार असेल तर हरकत नाही, बोटीवर आमचा मिरर असल्याचं पहिल्यांदाच ऐकतेय. शनिवारी धक्क्यावर एमोसीने भाच्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली डबी दिली. सेमीने ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातली आणि डबा छातीशी धरून फळीवरून चढला. वरून ओरडला, "मामा, मंगळवारी झोपून राहू नकोस."

सोमवारी एमोसी माझ्याकडे कधी येत नाही. त्या सोमवारी साडेचारला आला. चपला काढल्या, पण भिंतीला लावल्या नाहीत.

"मंगळवार पुढे गेला, बाई."

प्रागहून सगळ्या मिररवाल्यांना पत्र आलं होतं. एकोणिसावीत दोष सापडला होता. ती यंत्रावर बसवताना डिस्कवर आधीचं काही असेल तर पुसू का म्हणून विचारायला हवं, ते न विचारताच सगळं पुसून टाकत होती. आधी तपासून पाहणाऱ्या दोघांची कित्येक वर्षांची कामं गेली होती. सगळ्यांनी आपापल्या पिंपातलं ओतून द्यावं, दुरुस्त करून पुढच्या मंगळवारी पुन्हा भरू, असं पत्रात होतं.

"तू ओतलंस?"

"ओतलं. पण एक पिंप आज सकाळी वातुसोलोला उतरलं."

मंगळवारी तो मला म्हणाला, "बाई, याल का?" मी गेले. रेडिओ टेलिफोनच्या कचेरीत एक लाकडी खोकं होतं आणि त्यात उभं राहून बोलायचं. एकच वाहिनी सगळ्या बेटांना, त्यामुळे एक बोलतो आणि सगळं लाऊ, म्हणजे आमचा अख्खा बेटसमूह, ऐकतं. आमच्याकडे लोक दुपारची कामं त्यावर कान ठेवूनच करतात.

"मामा, सगळे जमलेत," सेमीचा आवाज आला. "गावप्रमुखही आलेत. पोरांनी यंत्रं पुसून ठेवलीत. सांग."

"सेमी, आज नाही. पुढच्या मंगळवारी. तुझ्याकडे आहे ती खराब निघाली."

"खराब म्हणजे?"

एमोसीने सांगितलं. पलीकडे आधी खरखर, मग कुणीतरी हसल्याचा आवाज.

"आमच्या यंत्रांवर पुसायला आहेच काय?" सेमी म्हणाला. "कोरी आहेत सगळी. तू शब्द सांग."

"नाही."

"पुढच्या मंगळवारी तू ती कशाने पाठवणार? पोहत?"

"बघतो काहीतरी."

"बघतो. समिती येऊन अकराच्या अकरा नेईल, तेही बघशील."

"सेमी, नर्सबाईंच्या खोलीत कुठलं यंत्र आहे?"

"आमच्यासारखंच. त्याच बनावटीचं, पण आधीपासून चालू असलेलं."

"त्यात नोंदी किती वर्षांच्या?"

"त्याला मी हात लावणार नाही. एवढी अक्कल आहे मला."

"तू नाही लावणार. पण तुझ्या शाळेत चाललं की शेजारच्या बेटाचा मास्तर मागेल. त्याला तू नाही म्हणशील का? तो पुढे देईल. तिथे सांगायला तूही नसशील आणि मीही नसेन. मी ते परत बोलावू शकत नाही."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

एमोसीने तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटतं त्याला म्हणायचं होतं, आहे. पण ते त्या खोक्यात उभं राहून, सगळं लाऊ ऐकत असताना त्याला म्हणता आलं नाही.

"ठीक आहे, सुवा," सेमी म्हणाला. "बोलणं संपलं."

रेडिओवर परक्या माणसाला असं गावाच्या नावाने संबोधतात. एमोसीने हातातला भाग हळूच खुंटीवर टांगला.

त्या आठवड्यात त्याला फार ऐकावं लागलं. बाजारात आमच्या बेटाची एक बाई मासे विकते, तिने मला विचारलं, "काय बाई, तुमचा कुलूपवाला बरा आहे ना? घरच्या भाताच्या भांड्यालाही शब्द लागतो म्हणे." चर्चमध्ये एका म्हाताऱ्याने बाकावर सरकून एमोसीला जागा दिली आणि म्हणाला, "बसा, बसा, मंगळवारपर्यंत बसा." मागच्या रांगेत हशा झाला. एमोसी बसला. प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, त्यात बोट घातलं आणि पान उलटायचं विसरला. मी शेजारच्या रांगेतून पाहत होते. अख्खं प्रवचन एकच पान.

रविवारी ओसरीवर त्याने डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत.

"बाई," तो तसाच म्हणाला, "हे मी कुणासाठी करतो, ते आता मला आठवत नाही."

मी बिस्किटांचा डबा पुढे केला. त्याने एक घेतलं, चहात बुडवलं आणि ते चहातच पडलं. चमच्याने काढायचाही त्याला कंटाळा आला.

दुसऱ्या मंगळवारी मी त्याच्या खोलीत गेले, तो म्हणाला म्हणून. पाहण्यासारखं काही नव्हतं. दहा वाजता त्याने एक ओळ टाइप केली. पडद्यावर आकडे हलायला लागले.

"झालं?"

"झालं. हे लौटोकाचं कुणीतरी. हे टोंगाचं." तो बोटाने दाखवत होता, पण आवाजात काही नव्हतं. मग त्याने बादली उचलली, बाहेर जाऊन ओतून आला आणि पुन्हा बसला. जुनी एकोणीस त्याने पिंपातून ओतली होती. डबीत घातलेलीची एक नक्कल मात्र वेगळी बंद करून ठेवली होती. ती आणि नवी त्याने यंत्राला शेजारी शेजारी ताडून बघायला सांगितलं आणि थांबला. पाणी थेंब थेंब पडत होतं.

"बाई, अख्खी आवृत्ती दीड हजार एमबीची, तर दोन्हींत फरक किती असेल?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"एकतीस. एक प्रश्न विचारायचा राहिला होता, तेवढाच. बाकी सगळं सेमीच्या डब्यात आहेच."

मला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. अख्खी आवृत्ती बेटावर जायला बोट हवी होती. पण एकतीस बोटीशिवाय जाऊ शकत होते. दवाखान्यात नर्स आकोसिताकडे उपग्रहाची एक बारीक जोडणी होती, रोजचे अहवाल पाठवण्यापुरती. ती सौर पट्ट्यांवर चाले. अहवाल गेल्यावर दुपारी तासभर ती रिकामी असे. एमोसीने त्या एकतीस एमबीचे एकतीस लहान तुकडे केले, प्रत्येकाला क्रमांक दिला. मग आकोसिताच्या सुवातल्या वरिष्ठांकडे तीन वेळा जाऊन परवानगी मिळवली. ती तीन जाणी-येणी मला त्याच्या चेहऱ्यावर दिसली.

त्यानंतर रोज दुपारी चारला रेडिओ. मी बहुतेक वेळा बरोबर असायचे, कारण घरी एकटी बसून मला चैन पडत नसे.

"सुवा, आज चार आले."

"बरं."

"सुवा, ढग होते. दोन."

"बरं."

"सुवा, आज शून्य. नर्सबाई बाळंतपणाला गेल्या होत्या."

"मुलगा की मुलगी?"

जरा खरखर. "मुलगी."

"बरं."

एवढंच. सेमी चुकूनही मामा म्हणाला नाही, आणि एमोसीने एकदाही त्याची वाट पाहतोय असं दाखवलं नाही. पण बोलणं संपल्यावर तो रेडिओचा भाग कानाला जरा जास्त वेळ लावून ठेवायचा, हे मी पाहिलं.

अकराव्या दिवशी सेमी म्हणाला, "सुवा, एकतीस पूर्ण. आता शब्द."

"लिहून घे. चौदा आहेत. मध्ये जागा सोडू नकोस."

आणि एमोसीने सांगायला सुरुवात केली. "आलिपाते. अनासेइनी. बेनेदितो."

चौथं नाव त्याचं स्वतःचं आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती माझी हजेरी होती. पाचवी आणि सहावी, ज्या क्रमाने मी रोज सकाळी घ्यायचे त्याच क्रमाने. फिलिमोने, जो पुढे समुद्रात गेला तो परत आला नाही. इसोआ. कालेसी, जिची हजेरी नेहमी दुसऱ्यांदा घ्यावी लागायची. मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

"पुढे?" सेमी प्रत्येक नावानंतर म्हणायचा. "पुढे?"

"सेराइआ."

रेडिओत नुसता वारा वाहिल्यासारखा आवाज आला. आमच्या लोकांना एवढं गप्प राहताना मी क्वचित ऐकलंय.

"पुढे," सेमी म्हणाला.

"तोमासी. वानी. संपले."

दवाखान्यातल्या यंत्रावर कुलूप उघडलं. तुकडे जोडले गेले, जुनी त्यांत मिसळून नवी झाली. मग सेमीने पडद्यावरचा एक लांब आकडा वाचून दाखवला आणि एमोसीने आपल्या कागदावरचा ताडून पाहिला. एक अंक, एक बोट, असं करत तो शेवटपर्यंत गेला.

"जुळला. आता तुझी. कुणालाही दे."

"ठीक आहे, सुवा."

कचेरीतून बाहेर पडल्यावर एमोसी पायरीवर बसला. मीही बसले. तिथे बसायची जागा नव्हती, लोकांना आमच्या अंगावरून जावं लागत होतं.

"मला जायला हवं, बाई," तो म्हणाला. "मी भाच्याला नाही म्हटलं. ते बरोबर असेल, पण म्हटलंच. ते तसंच ठेवता येत नाही."

समितीची बोट निघाली तिच्यात आम्ही दोघंही होतो. त्याने बारा दिवसांची रजा टाकली होती. बादलीचं काय, असं मी विचारलं. आसेनाथा धक्क्यावर आली होती, तीच म्हणाली, "पाच वर्षं ती माझी सवत होऊन बसलीय. आता बारा दिवस मीच तिची सेवा करते. काय करणार?"

एमोसीला बोट लागली. दोन दिवस तो डेकवर चटई टाकून पडून होता, उशाशी यंगोनाच्या मुळांची जुडी, सेमीने आणलेल्या जुडीपेक्षा जाड. समितीची दोन माणसं शेजारीच बसून यादीवर काही लिहीत होती. त्यांना तो कोण हे माहीत नव्हतं आणि त्याने सांगितलं नाही.

आम्ही उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. सेमी घरी नव्हता, शाळेत होता. समितीच्या माणसांना तो घेऊन गेलेला. एमोसी म्हणाला, घरी थांबू. पण आपली जुनी खोली बघायचा मोह मला आवरला नाही, म्हणून आम्ही शाळेकडेच गेलो. दाराशी त्याने चपला काढल्या, जोडीने भिंतीला लावल्या, आणि मागच्या बाजूला चटईवर जाऊन बसला. मांडीवर जुडी. पूर्वी तो दुपारी वाट्या मांडायचा, साधारण त्याच जागी.

पुढे मुलं यंत्रांसमोर दाटीने बसली होती, एकेका यंत्राला तीन-चार. अकरापैकी नऊ चालू होती. दोन काही केल्या जागी होईनात, त्यांचं आतलंच काही गेलं होतं. समितीतला उंच माणूस फिरून फिरून पाहत होता. त्याने दोन आकडे लिहिले, समितीतल्या सोबतच्या बाईंशी काही कुजबुजला आणि सेमीला म्हणाला, "ही दोन आम्ही नेतो. बाकीची राहू देत."

सेमीने मान डोलावली. मला वाटलं होतं तो मोठ्याने हसेल, पण नाही. त्याने फक्त खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि हात पँटला पुसले. तेव्हाच त्याला मागे बसलेला एमोसी दिसला.

एमोसी झोपला होता. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड किंचित उघडं. मांडीवरची जुडी एका बाजूला घसरत चालली होती. मी त्याला उठवायला हात पुढे केला, कारण आता त्याने बोलायचं होतं, मुळं पुढे ठेवून माफीचे चार शब्द म्हणायचे होते. त्यासाठीच तो आला होता. सेमीने मला खूण करून थांबवलं.

तो मुलांमधून वाट काढत मागे आला, उकिडवा बसला, पडायच्या आत जुडी उचलून घेतली. क्षणभर ती दोन्ही हातांत धरून राहिला. मग ती चटईवर ठेवली आणि पोकळ तळवे तीनदा जुळवले, आवाज होऊ न देता.

पुढच्या रांगेत दोन पोरं कुणी बटण दाबायचं यावरून भांडत होती.

"हळू रे," सेमी मान वळवून म्हणाला. "मामा झोपलाय."